नववर्षाचे टोमणे, एक वर्षाची कैद

३० ऑक्टोबर २०१९ रोजी म्यानमारमधल्या यांगून शहराच्या मायांगोन भागातल्या न्यायालयाने पाच तरुण कलाकारांना प्रत्येकी एक वर्षाची कैद ठोठावली. गुन्हा काय, तर त्या वर्षी एप्रिलमध्ये नववर्षाच्या सणात त्यांनी लष्करी गणवेश चढवले, ढोलाच्या ठेक्यावर लष्कराची यथेच्छ टिंगल केली आणि ती फेसबुकवरही दाखवली. ताफ्याचं नाव 'पीकॉक जनरेशन', म्हणजे मोरांची पिढी. त्यातले बरेच जण विद्यार्थी चळवळीतून आलेले. झेयार ल्विन आणि पाइंग फ्यो मिन ही नावं विद्यार्थी संघटनांच्या वर्तुळात आधीपासून ओळखीची होती.

लष्करशाहीत टवाळखोराला आत टाकतात यात नवल काहीच नाही. इथे नवल आहे ते तारखेत. २०१९ मध्ये म्यानमारमध्ये निवडून आलेलं सरकार होतं. त्या सरकारच्या प्रमुखपदी नोबेल पारितोषिक मिळालेल्या, स्वतः पंधरा वर्षांच्या आसपास स्थानबद्धतेत काढलेल्या आँग सान सू ची होत्या. राजकीय उपहासाला सरकार कसं उत्तर देतं हे तपासायला मला हे प्रकरण घ्यावंसं वाटलं ते याच कारणाने. इथे सरकार एक नव्हतं, दोन होती. एकाने खटला भरला आणि दुसरं गप्प बसलं. माझ्या मते विद्यार्थ्यांना महागात पडली ती ही गप्प बसण्याची सोय.

थानग्यात म्हणजे काय

बर्मी नववर्ष एप्रिलच्या मध्यावर येतं. थिंग्यान हा त्याचा सण. लोक एकमेकांवर पाणी उडवतात, सरत्या वर्षाचा मळ धुऊन टाकतात. याच दिवसांत चौकाचौकांत थानग्यात रंगतं. ढोल, टाळ, झांजा यांच्या ठेक्यावर पुढचा म्होरक्या एक ओळ फेकतो आणि मागचा ताफा एका दमात तिला जोड देतो. ओळी यमकात असतात, चढत्या लयीत येतात, आणि शेवटचा टोला बहुधा मागच्यांच्या तोंडी असतो. वीज जाते इथपासून साहेबाला पैसे चारावे लागतात इथपर्यंत काहीही विषय. वर्षभर मनात साचलेलं त्या चार दिवसांत बोलून टाकायचं आणि ज्याला बोललं त्याने ते हसून सोडून द्यायचं, असा रिवाज. आपल्याकडे शिमग्याला जी मुभा असते तिच्या जवळपास जाणारं हे आहे. फरक इतकाच की थानग्यात आधी बसून लिहितात, घोटून पाठ करतात. त्यामुळे शिवी कमी आणि चिमटा जास्त.

लष्कराला हा रिवाज कधीच मानवला नाही. १९८८ चा उठाव चिरडल्यानंतर सार्वजनिक थानग्यात बंद झालं ते थेट २०१३ पर्यंत. मधल्या काळात परागंदा झालेले कार्यकर्ते देशाबाहेर बसून ते गात राहिले. देशात राहून विनोद करणाऱ्यांचे हाल वेगळे. जानेवारी १९९६ मध्ये मंडालेच्या 'मुस्टॅश ब्रदर्स' या नकलाकारांच्या ताफ्याने सू ची यांच्या यांगूनमधल्या घराच्या आवारात सरकारची खिल्ली उडवली. त्यापायी पार पार ले आणि लू झॉ यांना सात-सात वर्षांची शिक्षा झाली. पार पार ले यांचा एक विनोद आपल्याला घरचा वाटेल असा आहे. दात दुखतो म्हणून बर्मी माणूस भारतात दंतवैद्याकडे येतो. दंतवैद्य विचारतो, तुमच्याकडे दातांचे डॉक्टर नाहीत का? तो म्हणतो, आहेत की, पण तिकडे तोंड उघडायला बंदी आहे. योगायोग असा की त्या देशातला सगळ्यात गाजलेला विनोदवीर झारगनार शिक्षणाने दंतवैद्यच. २००८ मध्ये नर्गिस वादळानंतर लोकांना मदत पोचवली, सरकारच्या बेपर्वाईवर बोलला, म्हणून त्याला एकूण ५९ वर्षं सुनावली होती. २०११ मध्ये तो सुटला.

तेव्हा २०१३ मध्ये थानग्यात परत आलं याचा आनंद किती झाला असेल, ते सांगायला नको. २०१६ मध्ये सू ची यांचा पक्ष सत्तेवर आला. त्यांच्या पक्षाच्या झेंड्यावरही मोरच आहे, झुंजीच्या पवित्र्यातला. विद्यार्थी संघटनांचं ते जुनं चिन्ह. मार्च २०१९ मध्ये याच पक्षाच्या यांगून प्रांत सरकारने फर्मान काढलं की थानग्यातच्या ओळी आधी समितीकडून तपासून घ्याव्यात. फर्मान लष्कराचं नव्हतं, हे इथे विसरू नये.

खेळ आणि खटला

ताफ्याने काय म्हटलं? लष्कराला संसदेत न लढता मिळणाऱ्या पंचवीस टक्के जागा, २००८ ची राज्यघटना, सेनापतींचे धंदे. गणवेश घातलेली पोरं जनरलच्या रुबाबात उभी राहतात आणि स्वतःचंच वस्त्रहरण करतात, अशी मांडणी. सगळी जनता जे चहाच्या दुकानात कुजबुजते ते तालात आणि मोठ्याने.

धंद्यांविषयी त्यांनी जे गायलं ते हवेतलं नव्हतं. ऑगस्ट २०१९ मध्ये, म्हणजे ही मंडळी कच्च्या कैदेत असताना, संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने म्यानमारच्या लष्कराच्या आर्थिक हितसंबंधांवर अहवाल काढला. लष्कराच्या दोन बड्या समूहांच्या मालकीचे किमान १२० उद्योग त्यात मोजले होते. तेच सांगणारा अहवाल जिनिव्हात मांडला गेला आणि तेच गाणारी पोरं इनसेनच्या तुरुंगात तारखा मोजत होती.

फिर्याद लष्कराच्या अधिकाऱ्याने दिली. कलमं दोन. एक, दंड संहितेचं ५०५(अ), सैन्याला चिथावणी दिल्याबद्दल. दुसरं, २०१३ च्या दूरसंचार कायद्याचं ६६(ड), समाजमाध्यमावरून बदनामी केल्याबद्दल. पाच जणांना निकाल लागेपर्यंत जामीन नाही. ३० ऑक्टोबरला पहिली शिक्षा झाली. नोव्हेंबरमध्ये बोटाटाउंग भागातल्या न्यायालयाने त्याच ५०५(अ) खाली आणखी एकेक वर्षाच्या शिक्षा दिल्या. मग ६६(ड) खाली काहींच्या वाट्याला आणखी काही महिने. खेळ ज्या ज्या भागात झाला त्या त्या भागात वेगळा गुन्हा, वेगळी तारीख, वेगळा निकाल. बाहेरून पाहणाऱ्याला दिसते 'एक वर्षाची कैद', आणि त्याला वाटतं, चला, तशी सौम्यच. वर्षांवर वर्षं चढत जातात ते बातमीच्या मथळ्यात येत नाही. शिवाय प्रत्येक तारखेला वकील, प्रवास, घरच्यांचा बुडलेला रोज. ही शिक्षा कुठल्याच निकालपत्रात लिहिलेली नसते.

कलमाचा इतिहास पुण्यापाशी येतो

५०५(अ) म्हणतं: जो कोणी असं विधान, अफवा किंवा वृत्त प्रसिद्ध करील, ज्याचा हेतू सैन्यातल्या अधिकाऱ्याला किंवा शिपायाला बंड करायला किंवा कर्तव्यात कसूर करायला लावण्याचा आहे, *किंवा तसं घडण्याचा संभव आहे*, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद. तिरपी अक्षरं माझी. संभव पुरेसा आहे. एकही शिपाई बिथरला, एकानेही पहारा सोडला, असं दाखवावं लागत नाही. ढोल वाजवणारी मुलं पाहून म्यानमारच्या लष्करात बंड झालं असतं का, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडेल. कलमाला तो पडत नाही.

हे कलम बर्मी नाही. म्यानमारची दंड संहिता म्हणजे १८६० ची भारतीय दंड संहिताच, कारण १ एप्रिल १९३७ पर्यंत बर्मा हा ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग होता. १८६० च्या मूळ मसुद्यात ५०५ ला एक महत्त्वाची अट होती: मजकूर खोटा आहे हे आरोपीला माहीत असलं पाहिजे. ती अट उडाली १८९८ च्या दुरुस्तीत. त्या दुरुस्तीच्या आदल्याच वर्षी, १८९७ मध्ये, प्लेगच्या धामधुमीत पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली होती आणि लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला चालून त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली होती. खटल्यातला एक मुख्य पुरावा होता 'केसरी'त १५ जून १८९७ ला आलेली कविता. तीत शिवाजी महाराज जागे होऊन आपल्या राज्याची दैना पाहतात. दुसऱ्याच्या तोंडून बोलण्याची ही युक्ती राज्यकर्त्यांना तेव्हाही कळली होती आणि झोंबलीही होती. १८९८ च्या एकाच कायद्याने राजद्रोहाच्या १२४अ चा विस्तार झाला, समाजगटांत वैर पसरवण्याबद्दलचं १५३अ नव्याने आलं आणि ५०५ बदलून लिहिलं गेलं. पुढे १९०८ मध्ये टिळकांची रवानगी झाली ती मंडालेलाच. महाराष्ट्रात मंडाले हे नाव शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्याच खटल्यांच्या काळात धार लावलेलं हत्यार सव्वाशे वर्षांनंतर तिथल्याच पोरांवर चाललं, हे मात्र इकडे कोणाच्या कानावर आलं नाही.

कलमाला एक अपवाद जोडलेला आहे. मजकूर खरा आहे असं मानायला वाजवी कारण असेल आणि वर सांगितलेला हेतू नसेल, तर गुन्हा नाही. बातमीदाराला हा अपवाद निदान कागदावर तरी उपयोगी आहे. नकलाकाराला तो फारसा लागू पडत नाही. नक्कल 'खरी' कशी सिद्ध करायची? जनरल असा बोलतो, असा दावाच ती करत नाही. ती त्याला फुगवून दाखवते आणि लोक हसतात, कारण फुगवटा कुठून सुरू झाला ते त्यांना माहीत असतं. न्यायालयात हे हसू पुरावा म्हणून दाखल करता येत नाही.

बापाचा संप, मुलीचं सरकार

१९३६ मध्ये रंगून विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाच्या 'ओवे' या मासिकात एक लेख आला. विषय विद्यापीठातला एक नावडता अधिकारी, आणि लेख लिहिला होता हरवल्या-सापडल्याच्या जाहिरातीच्या थाटात. काळ्या कुत्र्याच्या रूपातला एक सैतान अवीची नरकातून पळाला आहे, त्याची लक्षणं अशी अशी आहेत (ती इथे छापण्याजोगी नाहीत), सापडल्यास कृपया लाथ मारून परत नरकात धाडावं. लिहिणारा होता न्यो म्या. लेखाखाली त्याचं खरं नाव नव्हतं आणि संपादकाने लेखक कोण ते सांगायला साफ नकार दिला. संपादकाला काढून टाकण्याचा हुकूम निघाला. त्याच्या बरोबरीने विद्यार्थी संघाचा अध्यक्ष नू याच्यावरही कारवाई झाली. फेब्रुवारीच्या अखेरीला विद्यार्थ्यांनी परीक्षांवर बहिष्कार टाकून श्वेडगॉन पॅगोडाच्या पायथ्याशी ठाण मांडलं. संप देशभरच्या शाळांत पसरला आणि विद्यापीठाला माघार घ्यावी लागली.

नू पुढे स्वतंत्र बर्माचे पहिले पंतप्रधान झाले. संपादकाचं नाव आँग सान. सू ची यांचे वडील.

मोरांच्या पिढीला शिक्षा झाली तेव्हा हा इतिहास तिथे सर्वांना पाठ होता. बर्मी शाळेत तो शिकवतातच. वसाहतीचं सरकार विद्यार्थ्यांच्या टवाळीपुढे नमलं ही राष्ट्राच्या जन्मकथेतली गोष्ट, आणि त्या जन्मकथेचा वारसा सांगणारा पक्ष २०१९ मध्ये एक शब्द बोलला नाही.

त्यांच्या बाजूने जे सांगितलं जातं ते ऐकून घ्यायला हवं. २००८ च्या घटनेप्रमाणे संरक्षण, गृह आणि सीमाभाग ही तीन खाती सरसेनापती नेमतो. पोलीस गृहखात्याकडे, म्हणजे लष्कराकडे. घटना बदलायला पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त मतं लागतात आणि पंचवीस टक्के जागा लष्कराच्या. बाई काय करणार, हात बांधलेले.

हे अर्धंच खरं आहे. घटना बदलणं त्यांच्या हातात नव्हतं. दंड संहिता हा साधा कायदा होता आणि साध्या बहुमताने बदलता आला असता. तसं त्यांनी आधी केलंही होतं. २०१६ मध्ये याच संसदेने १९५० चा आणीबाणी तरतूद कायदा आणि १९७५ चा राज्य संरक्षण कायदा, विरोधकांना वर्षानुवर्षं कोंडण्याची दोन जुनी साधनं, रद्द केली. ६६(ड) मध्येही २०१७ साली शिक्षा तीन वर्षांवरून दोनवर आणली आणि जामिनाची वाट ठेवली. सरकारी वकिलांचं खातंही लष्कराकडे नव्हतं. अॅटर्नी जनरल राष्ट्राध्यक्ष नेमतात. आणि एप्रिल २०१६ मध्ये सू ची पदावर आल्या आल्या त्यांनी पहिल्या झटक्यात काय केलं होतं? लेटपदानच्या मोर्चात पकडलेल्या साठाहून अधिक विद्यार्थ्यांवरचे खटले मागे घेतले होते. म्हणजे कायदा बदलायचा कसा आणि खटला काढून घ्यायचा कसा, दोन्ही त्यांना चांगलं ठाऊक होतं. २०१९ मध्ये त्यांनी ते करायचं नाही असं ठरवलं.

का? माझा तर्क सरळ आहे. उपहास ज्याला लागतो त्याला काहीतरी गमवावं लागत असेल तरच तो चालतो. सर्बियातल्या 'ओत्पोर' या विद्यार्थी चळवळीने बेलग्रेडच्या हमरस्त्यावर तिथला सत्ताधीश मिलोशेविच याचं तोंड रंगवलेलं पिंप ठेवलं आणि शेजारी दांडका. येणारे-जाणारे पिंपाला दांडका हाणू लागले. पोलिसांना कोणाला पकडावं कळेना, शेवटी त्यांनी पिंपालाच उचलून नेलं. तो फोटो देशभर हसण्याचा विषय झाला. अशा कृतीत सरकारची कोंडी होते: गप्प बसलं तरी नाचक्की, कारवाई केली तरी नाचक्की. पण मिलोशेविचला निवडणूक लढवायची होती. ती नाचक्की त्याला मतांत मोजून द्यावी लागली.

म्यानमारच्या सेनापतीला मतांची गरजच नव्हती. त्याच्या पंचवीस टक्के जागा हसू झालं तरी पंचवीस टक्केच राहणार होत्या. ज्यांना मतं लागत होती त्या पक्षाची टिंगल मुख्यतः झालेलीच नव्हती, त्यामुळे खटला हा 'लष्कराचा मामला' म्हणून त्यांना बाजूला ठेवता आला. एकाकडे चाबूक आणि दुसऱ्याकडे लोकप्रियता, अशी वाटणी असली की कोंडी सुटते. डिसेंबर २०१९ मध्ये रोहिंग्यांच्या प्रकरणी सू ची हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात देशाची बाजू मांडायला स्वतः गेल्या आणि मायदेशी त्यांच्या समर्थनार्थ मोठाले मेळावे झाले. नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने लढतीच्या ४७६ जागांपैकी ३९६ जिंकल्या. कवी आणि नकलाकार आत ठेवल्याची किंमत मतपेटीत शून्य निघाली.

पुढे

१ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता घेतली. दोन आठवड्यांच्या आत ५०५(अ) आणखी रुंद केलं गेलं आणि ५०५-अ नावाचं नवं कलम जोडलं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. एप्रिलमध्ये सरकारी दूरचित्रवाणीवर रोज रात्री ५०५(अ) खाली हव्या असलेल्यांच्या याद्या वाचल्या जाऊ लागल्या. नट, गायक, डॉक्टर, लेखक. झारगनारला पुन्हा उचललं. त्याच एप्रिलमध्ये पाइंग फ्यो मिन नववर्षाच्या माफीत सुटला.

६ डिसेंबर २०२१ रोजी सू ची यांना पहिली शिक्षा सुनावली गेली. दोन आरोपांपैकी एक होता चिथावणीचा, कलम ५०५(ब). पुरावा म्हणून दाखवली गेली ती पक्षाची पत्रकं, आणि ती निघाली तेव्हा त्या आधीच अटकेत होत्या. हा काव्यगत न्याय आहे असं म्हणणारे तेव्हा भेटले. मला ते पटत नाही. निरपराध माणसाला त्याच बोथट कलमाखाली दुसऱ्यांदा भरडणं यात न्याय कसला? मात्र २०१६ मध्ये दोन कायदे रद्द करताना तिसऱ्याला हात लागला असता तर निदान हे एक हत्यार तरी आयतं मिळालं नसतं.

आपल्याकडे ५०५ चं पुढे काय झालं तेही नोंदवायला हवं. १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२४अ बरोबर ५०५ देखील घटनेला धरून असल्याचं म्हटलं. १२४अ ला तिथे हिंसेच्या चिथावणीची मर्यादा घातली गेली आणि त्या निकालाची आठवण काढली जाते ती बहुधा तेवढ्यासाठीच. भारतात शिक्षा पुढे दोनाची तीन वर्षं झाली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा राजद्रोह गेला की नाव बदलून राहिला यावर भरपूर रणं माजली. ५०५ वर मात्र फारसं कोणी बोललं नाही. ते आता ३५३ आहे. शिपाई, खलाशी, कर्तव्यात कसूर, 'हेतू किंवा संभव', सगळं पहिल्याच पोटकलमात शाबूत आहे, आणि 'इलेक्ट्रॉनिक माध्यमातून' हे शब्द नव्याने घातले आहेत.